दातबाईची चिंधी

गुरांच्या बाजारात तिला सगळे दातबाई म्हणायचे. तिच्या स्वतःच्या दातांचा यात काही संबंध नव्हता. ते धड होते आणि ती ते फारसे कुणाला दाखवतही नसे. गाय असो की बैल, अंगठ्यानं खालचा ओठ दाबायचा, कमरेला खोचलेल्या चिंधीनं पुढचे दात पुसायचे आणि मग वाकून बघायचं, हे तिचं काम. बघून झालं की टॅबवर बोट. दुदाती, चौदाती, सहादाती, जुळलेली. जुळलेली म्हणजे सगळे दात येऊन तोंड भरलेली. त्यापुढे दात झिजतात, फटी पडतात आणि मालकानं कितीही दडवलं तरी जनावराचं वय तिथं उघडं पडतं.

चिंधीवर तिचा फार जीव होता. लोक म्हणायचे, बाई, नुसतं बघा ना, पुसता कशाला? तर चाऱ्याचा हिरवा राप बसलेला असला की झिजलेला दातही कोवळा दिसतो. दलालांना हे पक्कं ठाऊक, म्हणून ते बाजारात शिरण्याआधी गाईला हिरवा पाला चारूनच आणत. दातबाई पुसून बघायची. पुसल्याशिवाय तिनं कधी काही लिहिलं नाही. म्हणजे एकदा सोडून. त्या एकदाचीच ही गोष्ट आहे.

तिच्या आधी हे काम करणारा गृहस्थ फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर बसायचा. दलाल येऊन सांगायचे आणि हा चहा पीत लिहायचा. सगळ्या गाई तरुण, सगळ्या दुभत्या, सगळ्यांची वजनं दर बाजाराला थोडी थोडी वाढलेली. वरच्या कार्यालयात त्या आकड्यांचे इतके देखणे आलेख निघत की त्यांच्यावर संशय घ्यायची कुणाला इच्छाच होईना. मग एका वर्षी पाऊस दडी मारून बसला, गुरांच्या बरगड्या मोजता यायला लागल्या, आणि आलेख मात्र ऐटीत वर चढतोय. तेव्हा कुठे साहेबांचे डोळे उघडले. त्यांनी चहावाल्या गृहस्थाला घरी पाठवलं आणि हिला नेमलं. हिच्या टॅबमध्ये दोन रकाने करून दिले: पाहिलेलं आणि सांगितलेलं. जे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं ते पहिल्यात, जे मालकाच्या तोंडून ऐकलं ते दुसऱ्यात. दुसरा रकाना जितका रिकामा तितकं काम चोख. हिचा जवळजवळ कोरा असायचा आणि त्याचा हिला ताठा होता.

बाजारातले लोक काही कमी नव्हते. गाईला मीठ चारून हौदभर पाणी पाजायचे, म्हणजे पोट टरारून फुगायचं. दातबाई वजनाची टेप पोटाला लावायचीच नाही, पुढच्या पायांच्या मागे छातीला लावायची. आदल्या दिवसापासून दूध न काढता गाय आणायचे, कास तट्ट फुगलेली, गाय वेदनेनं पाय झाडतेय. दातबाई लिहायची, ‘कास तुंबवलेली’. ती तपासल्याशिवाय गुराच्या पुठ्ठ्यावर निळा शिक्का पडत नसे, आणि शिक्क्याशिवाय जनावर विकता येत नसे. त्यामुळे शिव्या घालत का होईना, सगळे तिच्यासमोर रांगेत उभे राहत.

"बाई, एकदा आमच्या बायकोचा घेर घ्या हो," एक जाडा दलाल म्हणायचा. "मी म्हणतो वाढलीस, ती म्हणते वाळले."

"आण की. पण आधी तुझं तोंड उघड. खोटं बोलून दात किती झिजलेत ते बघू दे."

लोक खो खो हसायचे. ती हसायची नाही. माणूस म्हणून ती काही गोड नव्हती, ते आताच सांगितलेलं बरं. खरं बोलणं तिला आवडायचं, पण त्याहून आवडायचं ते समोरच्याचा चेहरा पडताना बघणं. हे दोन्ही एकाच पिशवीत असले की माणसाला वाटतं आपण फार सच्चे आहोत.

आता घरचं. ती राहायची थोरल्या भावाच्या घरी, मागच्या खोलीत. वडील लवकर गेले, दादानं वाढवलं. दादा याच बाजारात दलाल. खिशावर पितळी बिल्ला लावलेला असायचा. तो असल्याशिवाय बाजारात दुसऱ्याच्या गुराच्या दाव्याला हात लावता येत नाही. त्या बिल्ल्यावर घर चालायचं आणि बहिणीचं कॉलेजही त्याच बिल्ल्यावर झालं. आणि दादा कसला दलाल होता? कानशीचा. म्हाताऱ्या गाईचे लांबलेले, वेडेवाकडे दात कानशीनं घासून सारखे करायचे, फटी दिसेनाशा करायच्या आणि नुकती जुळलेली म्हणून खपवायची. हात इतका हलका की गाईला कळायचंही नाही, असं तोच सांगायचा. गाईला कुणी विचारलं नव्हतं.

बहिणीला हे लहानपणापासून माहीत होतं. कॉलेजात असताना तिला त्याचं काही वाटलं नाही. पण हातात टॅब आल्यावर तिच्या पहिल्याच मोसमात दादाची एक गाय रांगेत आली. हिनं पुसलं, बघितलं आणि गिऱ्हाइकासमोर, भरबाजारात म्हणाली, "हिच्या दातांवर कानस फिरलीये. ही म्हातारी आहे."

गिऱ्हाइकानं दादाच्या कानाखाली वाजवली. बाजार समितीनं दादाला उभं करून बजावलं: पुन्हा एकदा कानस सापडली की बिल्ला काढून घेऊ, कायमचा.

त्या दिवसापासून घरात दोघांचं बोलणं बंद. वहिनी ताट वाढून मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि ताट जरा जोरात ठेवायची. दादाला काही सांगायचं असलं की तो भिंतीकडे तोंड करून बायकोला सांगायचा, आवाज मात्र भिंतीपलीकडे जाईल असा. "म्हणावं, नळ नीट बंद करत जा. म्हणावं, सच्चेपणानं पाणी येत नाही." आणि हीसुद्धा तिकडून वहिनीलाच उत्तर द्यायची. मधल्या मधे वहिनीचं पिठलं झालं होतं, पण तिच्याकडे बघायला दोघांनाही सवड नव्हती.

दादानं कानस सोडली नाही. सोडून करणार काय? जरा जपून वापरायला लागला एवढंच.

उन्हाळा संपत आला होता. त्या दिवशी बाजार खचाखच भरला होता. धूळ, शेण, हाका, मालट्रकांचे भोंगे. दादा रांगेत आला तो एक करडी गाय घेऊन. एका शिंगाचं टोक मोडलेलं, अंगानं बरी, पण मान खाली. लांबून चालवत आणलेली. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या आणि मागचा एक पाय ती अलगद उचलून धरत होती.

दातबाईनं ओठ दाबला. गाय मागे सरकली. हिरड्या लालबुंद, सुजलेल्या, जागोजागी सालपटं निघालेली.

इतक्या दिवसांनी ती दादाशी थेट बोलली. "काय झालंय हिला?"

"काय व्हायचंय? दमलीये."

"लाळ का गळतेय?"

"गाय आहे ती. लाळ नाही तर काय अत्तर गळणार?"

रांगेतले हसले. मागे एक दूधवाला म्हातारा आपली पहिलटकरीण कालवड घेऊन उभा होता. तो म्हणाला, "बाई, भावाबहिणीचं प्रेम नंतर करा. माझी कालवड उन्हात उभी आहे आणि चारा फक्त आजच्यापुरता आणलाय."

"हिरड्या सोलल्यात, दादा."

"काटा लागला असेल चरताना." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "लिही ना काटा म्हणून. कोण विचारतंय तुला?"

"काटा मी पाहिला नाही."

आता इथं नीट लक्ष द्या. लाळ गळतेय, तोंडात जखमा आहेत, पाय लंगडतोय, ही तीन लक्षणं एकत्र म्हणजे लाळ्या-खुरकुताचा संशय. तो रोग बाजारात शिरला तर वणव्यासारखा पसरतो. तिन्ही लक्षणं असली तर तिथल्या तिथे फोन करायचा आणि फाटक बंद करायचं, असा नियम. पण लांबून चाललेली गाय खुरात खडा रुतूनही लंगडते. आणि कानस निसटली तर हिरडी अशीच सोलते. कुठलं खरं ते कळायला एकच गोष्ट करायची होती: चिंधीनं दात पुसायचे. कानशीचे ओरखडे लपत नाहीत.

तिनं कमरेची चिंधी काढली. दादानं ती बघितली. त्याचा हात आपोआप खिशावरच्या बिल्ल्याकडे गेला.

आणि तिच्या मनात आलं, दर वेळी मीच का? मी पुसायचं, मी सांगायचं, आणि मग घरी उंबऱ्यावरचं ताट मी उचलायचं. या खेपेला यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं, चारचौघांत.

"कानस लावलीस का?" तिनं मोठ्यानं विचारलं.

दादानं गाईचं दावं आवळून धरलं.

"नाही."

"पुन्हा विचारते. लावली असशील तर ही जखम तिची. नसशील तर हा रोग आहे आणि मला फाटक बंद करायला सांगावं लागेल. कोणतं ते तूच सांग."

दादानं तिच्याकडे बघितलं. लहानपणी तिला सायकल शिकवताना तो असाच बघायचा, आता सोडू का विचारल्यासारखा. त्याला वाटलं, ही घाबरवतेय. सख्खी बहीण अख्खा बाजार बंद करणार नाही.

"नाही म्हणून सांगितलं ना," तो म्हणाला.

तिनं चिंधी परत कमरेला खोचली. सांगितलेलं या रकान्यात बोटानं लिहिलं: ‘कानस लावलेली नाही.’ आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि तोही शब्द खोटा आहे हे पुरतं ठाऊक असताना. मग तीन लक्षणांवर तीन खुणा केल्या आणि फोन लावला.

फाटक बंद झालं. जे जनावर आत ते आत, जो माणूस जनावराबरोबर तोही आत. संध्याकाळी गुरांचे डॉक्टर रबरी बूट घालून आले. करड्या गाईच्या तोंडातला नमुना कापसानं घेतला, खुरं चिखलानं माखलेली होती त्यांच्याकडे लांबूनच बघितलं, आणि तिला जुन्या वजनकाट्याच्या शेडमध्ये एकटी बांधायला लावलं. दादाजवळ आता जनावर उरलं नाही, म्हणून त्याला हातपाय धुवायला लावून घरी सोडलं. निकाल येईपर्यंत तिला हात लावायचा नाही, दुसऱ्या कुणी चारा घालायचा नाही. तिच्यापुढे वाळल्या पेंढ्यांची एक मोळी टाकली आणि पाण्याची बादली ठेवली.

चाऱ्याच्या गाड्या बाहेर अडवल्या गेल्या. आतल्यांनी पहिल्या दिवशी विनोद केले, दुसऱ्या दिवशी भांडणं केली, नंतर काहीच केलं नाही. गुरं हंबरायची ती हंबरायचीच. दूधवाला म्हातारा कालवडीला स्वतः उशाला घेतलेल्या पोत्यातला पेंढा खाऊ घालत होता.

दातबाईला रोज आत जावं लागे, संशयित जनावराची नोंद करायला. ‘चारा खाल्ला का?’ ती लिहायची, नाही. गाय मोळीपाशी तोंड न्यायची, हुंगायची आणि सोललेल्या हिरड्यांना काडी टोचली की मान मागे घ्यायची. कोंडा भिजवून मऊ लापशी दिली असती तर गाय जगली असती. हे दातबाईला कळत होतं. पण रोगी जनावराला आपण चारायचं नाही, हा नियम. आणि जनावर रोगी आहे असं तिनंच लिहिलं होतं. ती ‘नाही’ लिहून बाहेर यायची आणि हात धुवायची.

एक दिवस वहिनी ताट उंबऱ्यावर न ठेवता आत घेऊन आली.

"वन्सं, तुम्हाला माहितीये ती जखम कशाची आहे."

"मला काही माहीत नाही. मी पुसलं नाही."

"ह्यांना माहितीये. रात्रभर कूस बदलतात. त्या मुक्या जनावराला काय कळतं तुमच्या भांडणातलं? डॉक्टरांना एवढंच सांगा, दात पुसून बघा म्हणून."

"दादाला पाठव समितीकडे. त्यानं सांगावं."

"बिल्ला जाईल."

"जाऊ दे."

"मग खायचं काय आपण?"

"मला पगार आहे," दातबाई म्हणाली.

वहिनीनं तिच्याकडे एकदा नीट बघून घेतलं, भाव ठरवताना बघतात तसं. "तेच म्हणते मी. तुम्हाला पगार आहे."

भिंतीपलीकडून दादाचा आवाज आला, "अगं, कशाला डोकं फोडतेस? म्हणावं, कॉलेजची फी भरताना कानस चालत होती. तेव्हा नाही चिंधी काढली ती."

"वहिनी, त्याला सांग, अजून वेळ गेलेली नाही."

"वहिनीला कशाला सांगतेस? ये की इकडे, मला सांग!"

ती गेली नाही. तोही आला नाही. मधे एक भिंत होती, ती सुद्धा पत्र्याची.

करडी गाय एका सकाळी बसली ती उठलीच नाही. तोंड रिकाम्या बादलीत होतं. आणि निकाल आला त्याच दुपारी. रोग नाही.

डॉक्टरांनी फाटकापाशी खुर्चीवर उभं राहून तो वाचून दाखवला. त्यांना वाटलं लोक आनंदतील. लोकांनी आधी एकमेकांकडे बघितलं, मग आपापल्या जनावरांकडे. हाडांचे सापळे झाले होते नुसते. गिऱ्हाइकं कधीच दुसऱ्या बाजारांना निघून गेली होती. म्हाताऱ्याच्या कालवडीनं आदल्या दिवशी गर्भ टाकला होता. ती मागचे पाय फाकवून, थरथरत उभी होती.

"रोग नव्हता तर कोंडलं कशाला आम्हाला?" कुणीतरी ओरडलं.

"तोंडात जखमा होत्या," डॉक्टर म्हणाले.

"कशाच्या?"

"ते आता त्या मेलेल्या गाईला विचारू का?"

हे बरोबर नव्हतं. डॉक्टर खांदे उडवून खुर्चीवरून उतरत होते आणि प्रश्न तसाच लोंबकळत होता. दातबाईला लोंबकळते प्रश्न सहन होत नसत. ती शेडमध्ये गेली. गर्दी तिच्यामागून गेली, दादाही गर्दीत होता. ती गाईच्या डोक्याशी उकिडवी बसली, ओठ दाबला, कमरेची चिंधी काढली आणि दात पुसले. नीट, एकेक करून, मागूनपुढून. मग वाकून बघितलं.

"कानस आहे," ती म्हणाली. आवाज स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

डॉक्टरांनी विचारलं, "हे आधी नाही दिसलं तुम्हाला?"

"आधी मी पुसलं नव्हतं," ती म्हणाली. हे मात्र ती हळू बोलली. ऐकायला कुणी उरलंही नव्हतं, कारण तोवर सगळ्यांचे चेहरे दादाकडे वळले होते.

पहिला हात जाड्या दलालानं टाकला नाही, त्याच्या माणसांनीही नाही. दूधवाल्या म्हाताऱ्यानं टाकला. आयुष्यात ज्यानं बैलाला चाबूक मारला नसेल त्या माणसानं पाण्याची रिकामी बादली कडीला धरून फिरवली, ती सरळ दादाच्या तोंडावर. मग बाकीचे धावले. कुणीतरी बिल्ला ओढला तो खिशाच्या कापडासकट निघाला. दादा खाली पडताना एकदाच ओरडला, आणि बहिणीलाच हाक मारली, तिच्या घरच्या लाडक्या नावानं, जे बाजारात कुणाला माहीत नव्हतं. ती टॅब धरून उभी होती. करड्या गाईची नोंद तिनं दुरुस्त केली: सांगितलेलं खोडलं, पाहिलेलं या रकान्यात लिहिलं. मग वर बघितलं, तोपर्यंत मारायचं काही राहिलं नव्हतं.

दुरुस्त केलेली नोंद वरच्या कार्यालयात पोचली आणि साहेबांचा फोन तिला तिथंच आला. खरं कारण शोधून काढल्याबद्दल त्यांनी तिचं कौतुक केलं. अशी माणसं हवीत म्हणाले. ती "हो सर" म्हणाली.

घरी आली तेव्हा पुढच्या खोलीचं दार उघडं होतं. दादा खाटेवर भिंतीला टेकून बसलेला. तोंड सुजून एका बाजूला गेलेलं, ओठांतून रक्तमिश्रित लाळेची तार गळ्यापर्यंत आलेली. वहिनी चुलीपाशी होती. उंबऱ्यावर ताट नव्हतं.

दातबाई दारात उभी राहिली. आत जावं की मागच्या खोलीत जावं, ते तिला ठरवता येईना.

"ये," दादा म्हणाला. शब्द नीट फुटत नव्हता. "सगळ्यांचं बघतेस. ये, बघ."

ती जवळ गेली. त्यानं स्वतःच बोटानं खालचा ओठ दाबला. पुढचे दोन दात गेले होते, तिसरा तिरका मोडून टोकदार झाला होता. हिरडी सोललेली, लालबुंद. हा रंग तिच्या ओळखीचा होता.

"पूस," दादा म्हणाला.

चिंधी कमरेलाच होती. तिच्यावर अजून त्या गाईच्या तोंडाचा ओलसर डाग होता. तिचा हात तिथवर गेला आणि थांबला.

"नको," ती म्हणाली. "दिसतंय."

"आज दिसतंय तुला." तो हसायला गेला आणि कळवळला. "कुठल्या रकान्यात घालणार? बादली तू पाहिलीस. पण म्हाताऱ्याच्या हातात दिली कुणी, ते?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, कारण डोळ्यांकडे बघणं जमत नव्हतं.

वहिनी वाटी घेऊन आली. भाकरी दुधात कुस्करून, गाळून, अगदी पातळ केलेली. तिनं कोपरानं दातबाईला बाजूला सारलं आणि खाटेच्या कडेवर बसून चमचा भरला.

"सरका, वन्सं," ती म्हणाली. "चावायला लागणार नाही असं केलंय. त्या गाईला एवढंच हवं होतं."